ऊन उतरल्यावर

"बाबा, तुमची ही दोन बोटं बायकांसारखी झालीत," मुलगी म्हणाली.

तो पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता आणि तिनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. स्वतःची सगळी नखं रंगवून झाली की बाटलीत उरलेल्या रंगासाठी घरात त्याच्याइतकं गरीब गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. सकाळची पाळी संपवून घरी यावं, अंघोळ करावी, चहा घ्यावा आणि मग अंगावर कोणी काहीही करो, हूं की चूं करू नये, अशी त्याची ख्याती होती. दोन नखं लालभडक होऊन वाळत होती. त्याला वाटलं, ती नखांबद्दलच बोलतेय. "मग रंगवल्यावर काय होणार," तो म्हणाला. "रंग नव्हे हो, केस. अंगठ्यावर आहेत, करंगळीवर तर जंगल आहे, आणि या दोघांवर एकसुद्धा नाही. हात लावून बघा, गुळगुळीत." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "शेगडीवर भाजले असतील." आणि मग तिचं तीच म्हणाली, "छे, तुझे बाबा शेगडीच्या जवळ येतील तेव्हा ना!" मायलेकी हसल्या. त्यानं हात नाकाशी नेला. "हलवू नका, ओलं आहे!" मुलगी ओरडली. साबणाचा वास. त्याच्यावर नखांच्या रंगाचा तो डोक्यात जाणारा वास. आणि या दोन्हींच्या खाली, पेरावरच्या सुरकुतीत लपून बसलेला, अगदी थोडा, जळक्या केसांचा वास.

म्हणजे पेटला होता.

दुपार अशी झाली होती. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधली घंटा वाजली. मोठी नव्हे, लहान, जी नुसतं सांगते आणि काही बंद करत नाही. मोठी वाजते तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं, सगळं आपोआप सुटलेलं, म्हणजे बंद पडलेलं असतं. लहान घंटा म्हणजे म्हातारीच्या पोटात वायू धरलाय. म्हातारी म्हणजे यार्डातला जुना ट्रान्सफॉर्मर. तिच्या शेजारी नवा आणून बसवला त्या दिवसापासून नव्याला सगळे सूनबाई म्हणतात, आणि सूनबाई या महिन्यात दुरुस्तीसाठी पोट उघडून पडल्यात, त्यामुळे सासूच्या एकटीच्या डोक्यावर सगळं गाव आहे. वायू तेलातून वर चढतो, वरच्या पिंपाकडे जाणाऱ्या नळीवर एक काचेची डबी असते तिथे अडकतो, डबीतलं तेल खाली ढकलतो, तेलावरचा तरंगता गोळा खाली बसतो, घंटा वाजते. त्या डबीपासून एक बारीक पितळी नळी खाली माणसाच्या छातीपर्यंत आणलेली आहे आणि तिच्या टोकाला छोटीशी तोटी. तोटी उघडायची, वायू सुटला की पुढे जळती काडी धरायची. पेटला, तर आत काहीतरी जळतंय, तेल नाहीतर कागद, ताबडतोब बंद करा. नाही पेटला, तर नुसती हवा, जाऊ द्या, घंटा पूर्ववत करा, चालू द्या. बाटलीत भरून प्रयोगशाळेतही पाठवता येतो, पण तिकडचं उत्तर यायला आठवडे लागतात. काडी तिथल्या तिथे सांगते. मागच्याच आठवड्यात म्हातारीचं तेल काढून गाळून परत भरलं होतं, आणि गाळल्यानंतर तेलात हवा राहते, पुढे कधीतरी बुडबुडा होऊन वर येते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं तोटी उघडली. सूं असा आवाज आला. काडी धरली. काही झालं नाही. "हवा," तो स्वतःशीच म्हणाला, तोटी बंद केली, आत येऊन घंटा पूर्ववत केली, साहेबांना फोन करून सांगितलं, हवा होती. पाळी बदलली तेव्हा साडूलाही तेच सांगितलं.

नाही. पुन्हा.

दुपार अशी झाली होती. ऊन बरोबर डोक्यावर होतं. यार्डातली खडी पांढरी, कुंपणाच्या तारा पांढऱ्या, म्हातारीच्या अंगावरचा राखाडी रंगसुद्धा पांढरा, डोळे मिटून घ्यावेत असं सगळं पांढरं. त्यानं काडी ओढली. ती पेटल्याचं त्याला कशावरून कळलं? ज्योतीवरून नाही. ज्योत दिसतच नव्हती. काडीवरून काळेपणा खाली सरकत येताना दिसला म्हणून कळलं की ही जळतेय. ज्याला हातातल्या काडीची ज्योत दिसत नव्हती तो तोटीच्या तोंडाशी ज्योत शोधत उभा होता, आणि ती दिसली नाही म्हणून म्हणाला, नाही. बोटांना गरम लागलं. पण गरम काय लागत नव्हतं? तोटी गरम, नळी गरम, म्हातारीच्या पंख्यांतून अंगावर येणारी हवा गरम. चटका बसला तशी काडी टाकली आणि वाटलं, काडीचाच चटका. काडी तर अजून अर्धी होती. अर्धी काडी खडीवर पडली होती आणि तो तिच्याकडे बघत, बघत काय, बघून, आत गेला.

मुलगी लहान असताना, असंच ऊन होतं, तो कामावरून चालत घरी आला आणि बायको म्हणाली, हिला जरा बघा, मला अंग गरम वाटतंय. त्यानं कपाळावर हात ठेवला. गार तर आहे की, म्हणाला. बायकोनं भांडी विसळता विसळता ओल्या हातानं पुन्हा बघितलं आणि म्हणाली, अहो, भाजतंय पोरीचं अंग! तुमचा हातच उन्हातून आलाय, त्याला काय कळणार. ती संध्याकाळ दवाखान्यात गेली. पोर बरी झाली, खाऊन पिऊन मोठी झाली, आता नखं रंगवते. ही गोष्ट घरात पुढे गंमत म्हणून सांगितली जायची. बाबांना ताप दाखवू नका. आजच ती गंमत त्याला तिच्या खऱ्या आकारात दिसली, आणि मुलगी त्याचा हात घट्ट धरून तिसऱ्या नखावर वाकली होती, जिभेचं टोक बाहेर काढून, आणि त्याला तो हात सोडवून घेता येईना. सोडवला की काहीतरी सुरू होणार होतं.

खरं तर ते सुरू झालेलंच होतं. शिकाऊ असताना मास्तरांनी एकदा मेलेला ट्रान्सफॉर्मर उघडून दाखवला होता. पोलादी टाकी एका अंगानं फुगून फाटली होती, पत्रा बाहेरच्या बाजूला वळला होता, एखाद्यानं आतून ढुशी द्यावी तसा. मास्तर म्हणाले, आत तांबं असतं, तांब्यावर कागद गुंडाळलेला, आणि सगळं तेलात बुडवलेलं. बस, एवढंच. कोट्यवधींचं यंत्र म्हणता, पण त्याचा जीव असतो कागदात. कागद म्हातारा होतो, ओल धरतो, कुठेतरी चीर पडते आणि तिथे ठिणगी उडते. एवढीशी. ठिणगी तेलाला जाळत नाही, तिथे जाळायला हवाच नसते, ती तेलाचा वायू करते. वायू वर जातो आणि सांगतो. ऐकलंत तर ठीक. नाही ऐकलंत तर ठिणगी कागद पोखरत राहते, तासभर, दिवसभर, तिची मर्जी, आणि मग एका क्षणी ठिणगीची रेघ होते, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात, आणि त्या रेघेभोवतीचं सगळं तेल डोळ्याची पापणी लवायच्या आत वायू होतं. टाकीला तेवढी जागा नसते. मग वरचे चिनी मातीचे खांब फुटून सुरीसारखे तुकडे उडतात, टाकी फाटते, तेल बाहेर येतं, आणि बाहेर हवा असते. मास्तरांनी आत हात घालून कागदाचा एक पदर काढला होता आणि चिमटीत चोळला होता. काळा भुगा झाला. "हुंगा," म्हणाले. त्यानं हुंगला होता. आणि आपोआप सुटतं ना सर, असं कोणीतरी विचारलं होतं. "सुटतं की," मास्तर म्हणाले. "हा पण सुटला होता."

"वाळलं," मुलगी म्हणाली. त्यानं हात काढून घेतला आणि उठून फोन लावला.

"बोला साडूभाऊ," पलीकडून साडू म्हणाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच यार्डात, दुसऱ्या पाळीला. वयानं लहान, अंगानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. म्हातारीच्या गुणगुणण्यात सूर मिसळून गायची त्याला सवय होती. म्हणायचा, माझ्या बायकोपेक्षा ही बरी, कधी सूर बदलत नाही.

"म्हातारी कशी आहे?"

"ठणठणीत. संध्याकाळचं गिऱ्हाईक सुरू झालंय, जरा धापा टाकतेय. का हो?"

"घंटा परत आली का?"

"नाही बुवा."

"दुपारी तो पेटला होता."

"कोण?"

"गॅस. पेटला होता. उन्हात ज्योत दिसली नाही. माझ्या बोटांवरचे केस गेलेत, आत्ता कळलं."

साडू हसला. ते हसू फोनमध्ये फाटल्यासारखं झालं. "भुवया बघा जाग्यावर आहेत का! नाहीतर वहिनी घरात घ्यायच्या नाहीत." मग थांबला. मागे म्हातारीचा आवाज येत होता, भिंतीतून, फोनमधून, इतकी वर्षं ऐकलेला, एकसारखा. "खरंच?"

"बंद कर तिला."

"अहो, कोणाला विचारून? सूनबाई पोट उघडून पडल्यात. हिला बंद केलं की आख्खं गाव अंधारात, दवाखाने, पंप, सगळं. साहेबांना काय सांगू? आमच्या साडूच्या बोटावरचे केस गेले, म्हणून बटण दाबलं?"

 साडू चुकीचं काही बोलत नव्हता. गॅस सोडून दिला होता, जळून गेला होता, पुरावा म्हणून जे होतं ते म्हणजे जिथे काहीतरी होतं तिथे आता काही नाही, एवढंच. आणि मग तो बोलला. हे वाक्य नंतर त्यानं किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं, त्याच्यातला कुठला शब्द काढला तर ते बोललं गेलं नसतं असं होईल. कुठलाच निघत नव्हता. साधं वाक्य होतं. कोणीही बोललं असतं.

"परत काढून बघ ना," तो म्हणाला. "आता ऊन उतरलंय. दिसेल."

"हे बरंय," साडू म्हणाला. "पेटला तर मी थेट बटण दाबतो, मग साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप. काडी माझ्याकडे आहे. ठेवतो."

ठेवला.

त्यानं साहेबांना लावला. साहेब रस्त्यात होते, मागे हॉर्न वाजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चांगल्या माणसासारखं ऐकून घेतलं. "घंटा परत वाजली?" नाही. "तेलाचं तापमान?" साडू म्हणाला ठीक आहे. "मग?" साहेब म्हणाले. "दुपारी तुम्हीच सांगितलंत हवा होती. आता तुम्हीच म्हणता नव्हती. मी कुठल्या तुमच्यावर विश्वास ठेवू, दुपारच्या का संध्याकाळच्या?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होते. "रात्री भार कमी झाला की बघू. आणि वेळ आलीच तर सुटतं की आपोआप." हा पण सुटला होता, असं त्याच्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं, कारण हे वाक्य ज्यांनी तो कागदाचा भुगा हुंगला नव्हता त्यांना काही सांगत नव्हतं.

आणि तेव्हा, साहेबांचा फोन बंद होताना, कानाशी अजून हॉर्न असताना, त्याला कळलं की त्यानं काय केलंय. त्या नळीपाशी उभं राहून काडी धरायची म्हणजे म्हातारीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं. छाती तिच्या पोटासमोर धरून. दुपारी तो स्वतः तसाच उभा होता, पण दुपारी गाव झोपलं होतं. आता गावानं दिवे लावायला घेतले होते. त्यानं कंट्रोल रूमला पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. साडूचा खिशातला फोन लावला, तोही वाजत राहिला, आणि तो कुठे वाजत असणार ते त्याला दिसलं: टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी. यार्डात जाताना फोन बाहेर ठेवायचा हा नियम. साडू एरवी एकही नियम पाळायचा नाही, हा पाळायचा, कारण हा त्याला यानंच शिकवला होता.

जिन्यात मेहुणी भेटली. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि दोघी बहिणी दिवसातून दहादा वरखाली करायच्या. तिच्या हातात डबा होता. "भावजी, नखं कोणी रंगवली?" ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. "छान दिसताहेत हो. कुठे निघालात, मिरवायला?" तिकडेच, तो म्हणाला, यार्डात, जरा काम आहे. "देवासारखे भेटलात. हा डबा विसरून गेलेत. एवढा देह सांभाळतात आणि डबा विसरतात. द्या ना. आणि सांगा, येताना चप्पल घालून या म्हणावं, कालची तिकडेच ठेवून बुटावर आले." तिला सांगायला हवं होतं का? काय? ती जिन्यात उभी राहिली असती, तिचा चेहरा जसा झाला असता तसा झाला असता, आणि तिच्याजवळही फोनच होता, टेबलावर वाजणाऱ्या फोनला लावायला. त्यानं डबा घेतला. गरम होता. फडक्यात बांधलेला, गाठ वर आलेली. "सांगतो," तो म्हणाला.

बस चौकात अडकली. चौकातून सरळ गेलं की पूल, पुलापलीकडे मोकळी जमीन, आणि तिथे यार्ड, गावाच्या पश्चिमेला. काचेबाहेर दुकानांचे दिवे लागत होते, एकेक, एकेक, कोणी पाटी लावली, कोणी पंखा वाढवला, चौथ्या मजल्यावरच्या बाईनं इस्त्री लावली असेल, आणि तो त्या प्रत्येकाकडे असा बघत होता, जणू कोणी त्याच्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवर एकेक वीट ठेवतंय. लावू नका. एवढं थांबा. पण हे म्हणायचं कोणाला? बसमधल्या माणसांना? बाई, घरी जाऊन दिवा लावू नका, माझा साडू काडी धरून उभा आहे. कंडक्टर म्हणाला, "डबा मांडीवर घ्या, लोकांना लागतोय." त्यानं डबा मांडीवर घेतला. बस हलेना. तो उतरला आणि चालायला लागला, मग पळायला, पण हातात डबा घेऊन माणसाला नीट पळता येत नाही, आणि डबा टाकून द्यावा हे त्याच्या मनातच आलं नाही.

अजून दिवे आहेत. म्हणजे साडूनं अजून बटण दाबलेलं नाही. म्हणजे एकतर तो अजून तोटीपाशी खटपट करतोय, किंवा काढून बघितलं आणि खरंच हवा निघाली. (हवा निघाली असती तर त्यानं परत येऊन फोन उचलला असता. फोन वाजतोय. चालता चालता तो लावतोय, वाजतोय.) दिवे गेले पाहिजेत. दिवे जावेत असं त्याला वाटत होतं, आणि जाऊ नयेत असंही वाटत होतं, कारण दिवे दोन रीतींनी जातात. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माणसानं बटण दाबलं की दिवा जातो तो जातो, आहे आणि नाही, मध्ये काही नाही. पण आत काही फुटलं तर दिवा आधी वाकतो. क्षणभर मंदावतो, लालसर होतो, त्याच्यातली सगळी ताकद कोणीतरी तिकडे ओढून घेतं, आणि मग जातो. ज्याला बघायचं माहीत आहे त्याला अर्ध्या गावावरून कळतं की तिकडे बोट होतं की आग होती. फक्त आजकालच्या पांढऱ्या दिव्यांत ते दिसत नाही. ते शेवटपर्यंत तसेच राहतात आणि मग विझतात, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. त्यासाठी जुना बल्ब लागतो, तारेचा, पिवळा. तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा बल्ब शोधत चालला होता. पांढरा, पांढरा, पांढरा. निळी पाटी. पांढरा. 

पुलाच्या अलीकडे एक न्हावी होता. छोटं दुकान, एक खुर्ची, एक आरसा, आरशाच्या वर उघडा पिवळा बल्ब.

तो पायरीवर थांबला. दम खाल्ला. पुलावर गाड्या खिळल्या होत्या आणि माणसांची भिंत झाली होती, आता पुढे जाणं म्हणजे एकेकाला खांद्यानं बाजूला करणं. इथून बघू, तो म्हणाला, एक मिनिट बघू. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला फेस लावून बसलं होतं. न्हाव्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "बसा काका, हे झालं की तुमचंच." नाही, नुसता उभा आहे. "उभं राहायचे पैसे नाहीत," न्हावी म्हणाला, आणि गिऱ्हाईक फेसातून हसलं. त्यानं बल्बवर नजर लावली. आतली तार दिसत होती, वेटोळ्याची, पिवळी, न थरथरणारी. साडू आता नळीपाशी उभा असेल. साडू गात असेल. तो म्हातारीजवळ गेला की गायचाच. ऊन उतरलंय, डोळ्यांवर चमक नाही, तो तोटी उघडेल, सूं होईल, काडी धरेल, आणि तोटीच्या तोंडावर निळी कळी उभी राहील, दुपारी जी होती आणि दिसली नव्हती ती, आणि साडू म्हणेल, आयला, खरंच की. मग वळेल. मग खडीवरून पळेल, बूट आहेत पायात, चप्पल नाही, बरं झालं चप्पल नाही, खडीवर चपलेनं पळता येत नाही. दार. टेबल. बटण. पळ. तार पिवळी होती. तो तिच्याकडे इतका बघत होता की डोळ्यांत पाणी आलं आणि तारेच्या चार तारा झाल्या, तरी त्यानं पापणी लववली नाही. दुपारी बघितलं नव्हतं. आता बघणार होता. हे एक काम त्याला जमणार होतं. पळता येत नव्हतं, फोन लागत नव्हता, कोणी ऐकत नव्हतं, पण बघता

"काका, हे काय!" न्हाव्यानं वस्तरा धरलेल्या हाताच्या करंगळीनं त्याच्या हाताकडे दाखवलं. डब्याच्या गाठीवर आवळलेल्या त्याच्या बोटांकडे. "कुठल्या पार्लरमध्ये जाता? आमच्या पोटावर पाय आणलात की!"

त्यानं खाली बघितलं. तीन लाल नखं.

वर बघितलं तेव्हा अंधार होता.

रस्ताभर तो नेहमीचा आवाज झाला, जो दिवे गेल्यावर गाव करतं, चिडल्यासारखा आणि थोडा खूश झाल्यासारखा. कुठेतरी पोरांनी आरोळी दिली. "घ्या!" न्हावी म्हणाला. "अर्ध्या तोंडावर आणून सोडलं." गिऱ्हाईक म्हणालं, "हलू नको बाबा, वस्तरा आधी लांब ने."

"कशी गेली?" त्यानं विचारलं.

"काय?"

"लाईट. कशी गेली? आधी मंद झाली आणि मग गेली, का एकदम?"

"गेली म्हणजे गेली," न्हावी म्हणाला. "कशी जाते?"

"तुम्ही बघत होता ना? आरशात? तुम्ही?" तो गिऱ्हाइकाकडे वळला. "तुमचं तोंड बल्बकडेच होतं."

"माझे डोळे मिटलेले होते, साबण जातो." गिऱ्हाइकाचा आवाज आता सावध झाला होता, रस्त्यावरच्या अशा माणसांशी बोलताना होतो तसा. "काही झालंय का?"

तो पायरीवरून उतरला आणि शेजारच्या दुकानात गेला, कुलूपवाल्याच्या. तुमच्याकडे पिवळा दिवा होता का? पलीकडच्या टपरीवर. रस्त्यातल्या बाईला. कशी गेली, बघितलंत का कशी गेली. आवाज झाला का. कुठला आवाज, हॉर्नपुढे काही ऐकू येईना झालंय, आवाज कसला विचारता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हो, जरा पिवळी पडल्यासारखी वाटली, मग म्हणाले, का ते माझ्या डोळ्यांमुळे, मला सगळंच पिवळं दिसतं हल्ली. सगळं गाव दिव्याखाली होतं आणि एकानंही दिव्याकडे बघितलं नव्हतं. कशाला बघतील? तो जन्मभर दिव्यापाशी राहिला होता आणि त्यानंही नव्हतं.

मग तो पुलावर चढला, माणसं बाजूला सारत, आणि पुलाच्या मध्यावर, जिथून पलीकडचं मोकळं दिसतं तिथे, कठड्याला धरून थांबला. पश्चिम लाल होती. यार्ड त्याच लालीत कुठेतरी होतं, खांबांची काळी टोकं दिसत होती, त्यांच्यामागे खालपासून वरपर्यंत लाल, आणि त्या लालीत एक गडद पट्टा, ढगासारखा. ढग असेल. सूर्य नुकताच गेला होता, आणि सूर्य गेल्यावर असं होतंच. पुलावर अडकलेली माणसं गाड्यांतून उतरून उभी होती. कोणीतरी म्हणालं, "काय रंग आलाय बघ." एका बाईनं फोटो काढला. तो त्या लालीकडे बघत राहिला. दुपारी ऊन होतं म्हणून ज्योत दिसली नव्हती. आता तरी, तो त्या लालीला म्हणाला, आता तरी बाजूला हो. सूर्य असेल तर उतरेल. थोडा वेळ दे. सूर्याचं असेल ते उतरेल, आणि मग जे राहील ते राहील.

खिशात फोन वाजला. साडूचा, असं त्याला वाटलं, इतकं वाटलं की नाव न बघताच "कुठे आहेस तू!" म्हणाला.

"मी? घरी," मेहुणी म्हणाली. "कोणावर ओरडताय? भावजी, इकडे दिवे गेलेत. यांचा फोन उचलेनात. तुम्ही पोचलात ना? डबा दिलात?"

"पोचतोय," तो म्हणाला.

"अजून? बरं, दिवे कधी येतात तेवढं विचारा त्यांना. आणि चपलेचं सांगा."

"सांगतो."

पूल हळूहळू मोकळा झाला. गाड्या सुरू झाल्या, आपापले दिवे लावून, पलीकडे गेल्या, अलीकडे आल्या. डोक्यावरचं आभाळ निळं झालं, मग काळसर, पूर्वेकडून काळं होत होत पश्चिमेपर्यंत आलं आणि कडेला येऊन थांबलं. फोटो काढणारी बाई निघून गेली होती. त्याला चालायला हवं होतं, इथून फार लांब नव्हतं. पाय उचलला की नक्की काय ते कळणार होतं, आणि पाय कठड्यापाशी होता. त्यानं डबा छातीशी धरला, हात ठेवून बघितलं. मग दुसरा हात ठेवून बघितलं, पहिल्यावर विश्वास नव्हता म्हणून.

डबा गार झाला होता. समोरचं लाल तसंच होतं.